आपल्या बॅचची यादी

(दहावी १९९७ च्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं, "आठवणी बाकीचे सांगतीलच, तू डेटाबेसमध्ये काम करतेस ना, तू जरा ज्ञानाचं बोल." जेवणाआधी ज्ञान ऐकायला कुणाला आवडतं, पण गणिताच्या बाई पहिल्या रांगेत बसल्यात, त्यामुळे टाळता येत नाही. तर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला मला ॲडव्हान्स्ड डेटाबेसचा पेपर होता, त्याबद्दल बोलते. आणि एक कबुलीही द्यायची आहे, ती शेवटी.

आमचं कॉलेज नाशिकचं, पण विद्यापीठ पुण्याचं. त्याच्या नावात सावित्रीबाई फुले आल्या २०१४ मध्ये. आमच्या गुणपत्रिकेवर नुसतं पुणे विद्यापीठ. पुस्तक एकच, त्याला सगळे 'कोर्थ' म्हणायचे. त्याचे तिसरे लेखक एस. सुदर्शन हे पवईच्या आयआयटीत शिकवतात, हे मला पुस्तक विकून टाकल्यावर कळलं. मुखपृष्ठ कोण वाचतं!

त्या विषयाचा पाया घातला आयबीएममधल्या एडगर कॉड नावाच्या गणितज्ञाने, १९७० सालच्या एका निबंधात. माहिती साध्या तक्त्यांत ठेवा, आणि ती मशीनमध्ये कुठे, कशी साठवली आहे याची चिंता वापरणाऱ्यावर टाकू नका, हे त्याचं म्हणणं. त्यासाठी १९८१ चा ट्युरिंग पुरस्कार त्याला मिळाला. १८ एप्रिल २००३ ला तो वारला. तेव्हा आम्ही परीक्षेची तयारी करत होतो आणि त्याच्याच नावाचा 'बॉइस-कॉड नॉर्मल फॉर्म' मी गच्चीवर फेऱ्या मारत घोकत होते. व्याख्या पाठ होती. अर्थ विचारला असता तर पंचाईत झाली असती.

अर्थ मला घरी कळला. माझे वडील अंबडच्या एमआयडीसीत स्टोअरकीपर होते, सिडकोत आमच्या गल्लीत राहणाऱ्यांना आठवत असेल. स्टोअरमध्ये प्रत्येक मालाला एक बिन कार्ड लटकवलेलं असतं: आले किती, गेले किती, शिल्लक किती. तीच शिल्लक ऑफिसातल्या लेजरमध्ये पुन्हा लिहायची. मार्चअखेर मोजणी आली की कार्ड म्हणायचं १४०, लेजर म्हणायचं १५२ आणि रॅकवर तिसराच आकडा. ते तीन-चार दिवस वडील रात्री उशिरा आणि गप्प घरी यायचे. लहानपणी मला वाटायचं, कंपनीत चोरी होते. नॉर्मलायझेशन शिकताना उलगडा झाला: एक गोष्ट दोन ठिकाणी लिहिली, की कधीतरी एका ठिकाणी बदलायची राहून जाते. म्हणून ती एकाच ठिकाणी लिहायची आणि बाकीच्यांनी तिथेच येऊन बघायचं.

हे मी मोठ्या उत्साहाने वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, "अगं, दोन ठिकाणी लिहितो म्हणून तर चूक सापडते." पेपरात हे लिहिलं असतं तर गुण मिळाले नसते, पण त्यांचंही बरोबर होतं. एकाने दुसऱ्याचं बघून उतरवलं तर ती नक्कल, तिचा उपयोग नाही. दोघांनी आपापलं मोजून लिहिलं तर ती तपासणी. नोकरीत हा फरक ओळखायला मला दहा वर्षं लागली.

दुसरा धडा भारनियमनाने दिला. लॅबमध्ये ओरॅकलवर प्रॅक्टिकल चालू असायचं आणि भसकन वीज जायची. यूपीएस होता, पण त्याची कृपा प्राचार्यांच्या केबिनपुरती. वीज आल्यावर ज्यांनी 'कमिट' केलं होतं त्यांच्या नोंदी जशाच्या तशा, आणि ज्यांनी केलं नव्हतं त्यांच्या साफ गायब. माझ्या एकदा चाळीस ओळी गेल्या. कुठलंही काम अर्धवट लटकलेलं मात्र सापडत नसे. हे कसं जमतं? तर मूळ तक्त्यातला बदल डिस्कवर पोचण्याआधी, काय बदलणार आहोत ते एका वेगळ्या वहीत लिहिलं जातं. त्या वहीला लॉग म्हणतात. वीज गेली तरी वही राहते. ती वाचून पुरं झालेलं काम पुन्हा करायचं, अर्धवट राहिलेलं मागे फिरवायचं.

हे ऐकून माझी आजी म्हणाली असती, "यात नवीन काय?" तिच्या शेताचे कागद बघताना ही पद्धत मला पुन्हा भेटली. गाव नमुना सहा म्हणजे फेरफार नोंदवही. जमीन विकली, वारस लागले, बोजा चढला, की आधी तिथे क्रमांक टाकून नोंद होते. संबंधितांना नोटीस जाते, हरकत असेल तर ऐकली जाते, मंडल अधिकारी नोंद मंजूर करतात आणि मग सातबारा बदलतो. हाताने लिहायच्या काळात जुनं नाव खोडत नसत. त्याला कंस करत आणि शेजारी फेरफाराचा क्रमांक घालत. त्यामुळे आज कोण मालक एवढंच कळत नाही, कालचा मालक का गेला हेही शोधता येतं. आजीच्या सातबाऱ्यावर पणजोबा कंसात आहेत. गेले, पण पुसले गेले नाहीत.

आता कबुली. या मेळाव्याची यादी मी केली. चार व्हॉट्सॲप ग्रुप, दोन जुन्या वह्या आणि एका मित्राची एक्सेल शीट एकत्र केल्यावर १६३ ओळी झाल्या. दुबार नावं होती, म्हणून मी नाव आणि आडनाव जुळेल तिथे दोनाची एक ओळ करणारा छोटासा प्रोग्राम लिहिला. पाच मिनिटांत १४८ उरल्या. मला फार समाधान वाटलं.

आपल्यात एकाच नावाच्या आणि एकाच आडनावाच्या दोन मुली होत्या, एक 'अ' तुकडीत, एक 'क' मध्ये. तुम्हाला आठवलं. मला आठवलं नाही. एकीचा नंबर राहिला, दुसरीचा गेला. तिला मेळाव्याचं कळलं ते त्रिमूर्ती चौकात भाजी घेताना, दुसऱ्या मैत्रिणीकडून. तिचा मला फोन आला. रागावली नव्हती, ते जास्त लागलं. म्हणाली, "मी आठवले नसेन, मी कुठे हुशार होते." तिला काय सांगणार? विसरले नव्हते गं, मीच पुसलं होतं. तिची परवानगी घेऊन हे सांगते आहे.

नाव ही ओळख धरू नये, हे मला विद्यापीठाने शिकवलं होतं, आणि त्यावर मी गुणही मिळवले होते. आपल्याकडे तर मुलींची नावं लग्नात अर्धी बदलतात. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव वडिलांच्या आधी येतं, म्हणजे नावाची रचनाच बदलली. फोन नंबरही टिकत नाही. मग टिकतं काय?

टिकतो जनरल रजिस्टरचा क्रमांक. शाळेची परवानगी घेऊन मी ऑफिसात गेले. क्लार्क मॅडमनी कपाटातून ते जाडजूड रजिस्टर काढलं. त्या दोघी त्यात सात क्रमांकांच्या अंतराने होत्या, वडिलांची नावं वेगळी, जन्मतारखा वेगळ्या. कुठे जन्मतारीख दुरुस्त केलेली, तर लाल शाईने, मुख्याध्यापकांच्या सहीसह. खाडाखोड कुठेही नाही.

पानं उलटताना आणखी एक गोष्ट दिसली, तिच्यामुळे मी तिथे दोन तास बसले. आपल्याबरोबर पाचवीत दाखल झालेली १९ मुलंमुली दहावीपर्यंत पोचलीच नाहीत. कारणाच्या रकान्यात कुठे वडिलांची बदली, कुठे गावी गेले, आणि सहा मुलींपुढे नुसतं 'घरगुती कारण'. मी यादीची व्याख्या केली होती: मार्च १९९७ ला दहावीला बसलेले. ती कुणाला विचारून केली होती? कुणालाच नाही. तक्ता आखताना पहिला प्रश्न हाच असतो, की यात कुणाला धरायचं, आणि मी तो विचारलाच नव्हता. ज्या मुलीबरोबर मी तीन वर्षं एका बाकावर बसले, ती आठवीत शाळा सोडून गेली, म्हणून माझ्याच यादीत नव्हती.

त्या १९ पैकी आठ जण सापडले. पाच आज आले आहेत. तिसऱ्या रांगेत निळी साडी नेसून बसली आहे ना, तीच माझी बाकावरची. बाकीच्या अकरांची नावं दाराजवळच्या टेबलावर लिहून ठेवली आहेत. कुणाला काही माहीत असेल, एखाद्याचं गाव, भावाचं दुकान, काहीही, तर शेजारी लिहा.

तिथेच पूर्ण यादीही आहे, जनरल रजिस्टरच्या क्रमांकाने लावलेली. आपापली ओळ बघा. चुकलं असेल तर खोडू नका, खाली नवीन लिहा, तारीख घाला आणि सही करा. पेन दोरीने बांधलं आहे, कारण आपली बॅच मला माहीत आहे.