कंपाउंडच्या कडेची गाडी

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला दहा मिनिटं दिली आहेत. सेक्रेटरींनी बजावलंय, "काका, गाडीवरच बोला, पार्किंगवर नको." प्रयत्न करतो.

शहाडला राहून रेल्वेचं काय ते कौतुक, असं तुम्ही म्हणाल. दिवसभर कसारा लोकल आणि नाशिककडच्या मेल कानावरून जातातच. पण २००४ साली मुलीला घेऊन पुण्याला गेलो होतो. कोथरूडला भाऊ जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय पाहिलं. आपली सोसायटी नोंदली गेली त्याच वर्षी, १ एप्रिल १९९८ला, ते सुरू झालंय. खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाएवढ्या गाड्या, सिग्नल, सगळं हुबेहूब, पण छपराखाली. परतताना मुलगी म्हणाली, "बाबा, आपली गाडी बाहेर झाडांमधून धावेल का?" या एका प्रश्नाने माझे वीस वर्षांचे रविवार खाल्ले.

बागेतल्या गाडीचं माप मोठं असतं. जर्मनीत १९६८ साली एलजीबी नावाने अशा गाड्या बाजारात आल्या, त्यांच्या दोन रुळांत ४५ मिलिमीटर अंतर. तेच माप मी घेतलं, पण विकतचे रूळ खिशाला झेपणारे नव्हते. उल्हासनगरहून खिडक्यांच्या कामातल्या अॅल्युमिनियमच्या पट्ट्या आणल्या, फर्निचरवाल्यांकडून सागाचे उरलेसुरले तुकडे. रुळांत वीज सोडली नाही. बॅटरी इंजिनातच, म्हणजे पावसात कटकट नको.

पहिल्याच मे महिन्यात फजिती झाली. रूळ मी टोकाला टोक भिडवून ठोकले होते. भर दुपारी पाहतो तर लाईन सापासारखी वळलेली! अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. दहा मीटर लांबी आणि तीस अंशांचा फरक धरला तर वाढ जवळजवळ सात मिलिमीटर. शाळेत हे शिकलो होतो, मार्कही मिळाले होते. सगळं उखडलं आणि सांध्यांत फट ठेवून पुन्हा बसवलं.

कसाऱ्याच्या घाटात ३७ फुटांमागे एक फूट चढ आहे. तिथे जादा इंजिनं लावतात, त्यांना बँकर म्हणतात. आपल्याकडे तुळशीपासून टाकीपर्यंत मी चाळीसाला एक चढ ठेवला. तीन डबे ओढून इंजिन आरामात चढतं, चौथा लावला की चाकं जागेवरच फिरतात. मग मागून दुसरं इंजिन लावायचं. त्या वेळी पोरं "बँकर, बँकर" असं ओरडतात, त्याबद्दल दुपारी झोपणाऱ्यांची माफी मागतो.

आता बी विंगच्या काकांबद्दल. अर्धांगवायूच्या झटक्याने त्यांचा उजवा हात गेला होता. डॉक्टरांनी डाव्या हाताला काम द्यायला सांगितलेलं. ते खाली आले, म्हणाले, "स्लीपर मी कापतो." पहिल्या दिवशी तीन झाले, तिन्ही वाकडे. मी म्हटलं, राहू द्या काका, मी घासून सरळ करतो. ते इतके रागावले की आठ दिवस बोलले नाहीत. पुढे सहा वर्षं कापत होते. २०१९च्या जुलैत उल्हास नदी चढली, तळमजल्यात पाणी शिरलं, खडी वाहून गेली. ओसरल्यावर पोरांनी गेटच्या जाळीतून, गटारातून स्लीपर वेचून आणले. काका खुर्चीत बसून मोजत होते. चौदा कमी भरले. तेवढे त्यांनी पुन्हा कापले. ते त्यांचं शेवटचं काम.

सेक्रेटरीसाहेब, एवढंच बोलतो. भिंतीलगतची सरळ लाईन काढून तिथे दुचाकी लावायच्या, असा ठराव झाला. मीही हात वर केला. रात्री बाईक रस्त्यावर राहतात, ते काही बरं नाही. हात वर केल्यावर घरी जाऊन जेवलो नाही, ती गोष्ट वेगळी. तुळस ते टाकी हा चढ मात्र राहतोय.

येत्या रविवारी रूळ काढायचे आहेत. ऊन चढायच्या आत, सकाळी सातला या. स्क्रू ड्रायव्हर ज्याने त्याने आपला आणा, माझे दोनच आहेत. आणि वाकडे स्लीपर वेगळ्या पोत्यात भरा. ते चढावर लावायचे आहेत.