खेळाचे शिक्षण : उंच उडीचा एक धडा

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आज येथे परीक्षांत यश मिळविलेल्या मुलांचा सत्कार झाला, तो यथायोग्यच झाला. तथापि मैदानावरील विद्येविषयी चार शब्द बोलण्याची आम्हांस अनुज्ञा असावी. खेळाडू हा जन्मावाच लागतो, असे आपण सहज म्हणून जातो. अनेक वर्षे मुलांस उंच उडी शिकविल्यावर आम्ही मात्र हे मत टाकून दिले आहे.

अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात डिक फॉस्बरी नावाचा एक शाळकरी मुलगा होता. पोट खाली करून दांडीवरून पालथे वळावयाचे, ही त्या काळची मान्य रीत. ती त्यास काही केल्या साधेना. म्हणून तो जुन्या कात्री उडीकडे वळला आणि १९६३ पासून हळूहळू तिच्यात फेरफार करीत पाठ दांडीकडे करून उडू लागला. त्याच रीतीने १९६८ साली मेक्सिको येथील ऑलिंपिकमध्ये २.२४ मीटर उंची ओलांडून त्याने सुवर्णपदक मिळविले. आज जगातील नामांकित खेळाडू हीच रीत अनुसरतात.

यात जादू नाही, यंत्रशास्त्र आहे. जमीन सोडल्यावर शरीराचा गुरुत्वमध्य किती उंच जाणार, हे उसळीच्या क्षणीच ठरून जाते. मग हवेत कितीही हातपाय झाडले तरी त्यात वाढ होत नाही. परंतु बांगडीचा मध्य जसा बांगडीबाहेर, पोकळीत असतो, तसा पाठीची कमान केलेल्या देहाचा गुरुत्वमध्यही देहाबाहेर, खाली जाऊ शकतो. आधी डोके व खांदे, मग कंबर, शेवटी पाय असे एकेक अंग दांडीवरून जाते आणि गुरुत्वमध्य दांडीखालूनही निघून जाऊ शकतो. उसळी तेवढीच, पण ओलांडलेली उंची अधिक!

आता आमचा दोष सांगतो. आमच्या वर्गात एक मुलगा होता. त्याचा उसळीचा पाय उजवा. म्हणून त्यास दांडीच्या डाव्या बाजूने धावत येणे सोयीचे. इतर सारे उजवीकडून येत. रांग मोडते, एवढ्या कारणास्तव आम्ही त्यासही उजवीकडून पळविले. त्याची उडी बिघडली. त्यास उडीचे अंगच नाही, असे आम्ही चारचौघांत म्हणालो. पुढे तो मैदानावर येईनासा झाला. अंग त्याच्यात होते. डोळे आमच्यापाशी नव्हते.

कौशल्य कसे मुरते, याचाही पुष्कळ अभ्यास झाला आहे. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आठ वर्षांच्या मुलांनी लक्ष्यावर लहान पिशव्या फेकण्याचा सराव केला. काही मुले नेहमी तीन फुटांवरून फेकीत. काही दोन व चार फुटांवरून. परीक्षा तीन फुटांवरून झाली, तेव्हा त्या अंतरावरून कधीही न फेकलेली मुलेच सरस ठरली! सारांश, एकाच साच्यातील घोकंपट्टीपेक्षा थोडा पालट असलेला सराव अधिक मुरतो. तसेच, गुडघा वाकव, कोपर उचल, असे अवयवांचे स्मरण देत राहण्यापेक्षा हालचालीच्या परिणामाकडे, म्हणजे चेंडू जेथे पडावयाचा तेथे, लक्ष लावण्यास सांगितले असता शिकणे बहुधा सुलभ होते.

मात्र एक इशारा. फॉस्बरीच्या रीतीत खेळाडू पाठीवर पडतो. जाड, मऊ गाद्या आल्या म्हणून ही रीत रुजली. वाळूच्या हौदात तिचे अनुकरण करणे म्हणजे मानेशी खेळ होय. म्हणून आमची विनंती आहे की, ढाली आणि करंडक यांवर होणाऱ्या खर्चातील काही भाग आपल्या वसतिगृहातील मुलामुलींसाठी गाद्या घेण्याकडे आणि जाणता शिक्षक नेमण्याकडे वळवावा.

आणि एखादे मूल रांग मोडून दुसऱ्या बाजूने धावत आले, तर त्यास ओढून रांगेत उभे करण्यापूर्वी त्याचा उसळीचा पाय कोणता, एवढे पाहावे. आम्ही ते पाहिले नाही. आपण पाहावे, एवढीच प्रार्थना करून आपली रजा घेतो.