कूपन कुणाचं?

(रौप्यमहोत्सवी वर्षाच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



रौप्यमहोत्सव म्हटला की पाण्याची टाकी, मेंटेनन्स आणि पार्किंग यांवर बोलायचं असतं. ते सचिवसाहेब बोलले. मला दिलेली दहा मिनिटं मी पेपरातल्या कूपनावर घालवणार आहे. हसू नका. वर्षभरात आपल्या ग्रुपवर जास्तीत जास्त रुसवे-फुगवे पार्किंगवरून नाही, कूपनाच्या कोडवरून झाले आहेत.

आपण पिंप्राळ्यात राहायला आलो तेव्हा कूपन म्हणजे कागदाचा चौकोन होता. रोज एक नंबर, तो कापायचा, छापील फॉर्मवर चिकटवायचा. डिंक नसला तर भाताचं शीत. एखादा नंबर हुकला की जिन्यात देवघेव सुरू व्हायची, ‘वहिनी, माझ्याकडे सतरा डबल आहे, तुमच्याकडे तेवीस निघेल का?’ त्यातही एक रीत होती. शेजारच्यांचा पेपर त्यांचा वाचून झाल्याशिवाय कात्री लावायची नाही. कारण कूपनाच्या पाठीमागे बातमी असते, आणि नेमकी निधनवार्ता असते! हा नियम कुणी लिहिला नव्हता, पण सगळे पाळत होते.

पेपरवाले हे का करतात, तर खप टिकवायला. महिनाभर कूपन जमवायचं म्हणजे महिनाभर तोच पेपर घ्यायचा. ही युक्ती आपल्याकडचीच नाही. १९३३ साली लंडनच्या दैनिकांनी वाचक ओढण्यासाठी डिकन्सच्या पुस्तकांचे संच स्वस्तात वाटण्याची स्पर्धा लावली होती. आपल्या मुंबई राज्यात तर कूपनाचं प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. बंगळूरला छापलं जाणारं ‘स्पोर्टिंग स्टार’ नावाचं साप्ताहिक शब्दकोड्याची बक्षीस स्पर्धा चालवायचं, आणि ते आपल्याकडेही भरपूर खपायचं. राज्याने त्यावर कर लावला. आर. एम. डी. चमारबागवाला यांच्या त्या खटल्याचा निकाल १९५७ साली राज्याच्या बाजूने लागला, की नशिबावर चालणारी स्पर्धा हा जुगार आहे, त्याला व्यापाराचं संरक्षण नाही. १९५५ च्या केंद्राच्या कायद्याने तर अशा स्पर्धांच्या बक्षिसांना महिन्याला हजार रुपयांची मर्यादा घातली होती. एक काम लक्षात ठेवण्यासारखं आहे. योजनेचा अंतिम निकाल सहभागी लोकांपासून दडवून ठेवणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. फॉर्म भरला, निकाल कधी लागला तेच कळलं नाही, असं झालं तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करता येतो.

आता आजचं. कागदाच्या चौकोनाच्या जागी आकडे-अक्षरांचा कोड आला. पेपराच्या वर्गणीवर येतो, पैसे पाठवायच्या ॲपमध्ये खरवडलं की येतो. आपल्याला नको असतो, म्हणून आपण चांगल्या मनाने ग्रुपवर टाकतो, ‘कुणीही वापरा.’ आणि तिथून घोळ सुरू होतो. पहिल्या मिनिटात कुणीतरी वापरतो, बोलत नाही. मागून सात जण तोच कोड मारून बघतात. कुणाचा ‘चालत नाही’ असा मेसेज, कुणाचा रागाचा अंगठा. संध्याकाळी लिफ्टमध्ये तोंडं दोन दिशांना.

माझं म्हणणं असं, की आपल्या खान्देशात याची रीत आधीपासून आहे. तिचं नाव वानोळा. शेतातून पहिली भरताची वांगी आली, केळीचा घड आला, तर आपण तो चौकात ठेवून ‘कुणीही न्या’ म्हणत नाही. नाव घेऊन दारावर देतो. आणि ज्याच्याकडे वानोळा येतो तो भांडं रिकामं परत करत नाही, साखरेची चिमूट तरी घालतो. कोडचंही तसंच करावं. ग्रुपवर फक्त एवढं लिहा, की अमुक दुकानाचा कोड आहे, अमुक तारखेपर्यंत चालेल, कुणाला हवा? ज्याला हवा त्याला वेगळा पाठवा आणि ग्रुपवर ‘दिला’ लिहून टाका. घेणाऱ्याने ‘वापरला, धन्यवाद’ म्हणावं. हीच ती साखरेची चिमूट. घेतला आणि वापरला नाही, तर मुदत संपायच्या आत परत सांगा, दुसऱ्याच्या कामी येईल.

आपल्या तरुण मंडळींचं म्हणणं, ‘काका, जो आधी बघेल त्याचा, यात अन्याय काय?’ मला ते पटत नाही. जो आधी बघतो तो बहुतेक वेळा मोकळा बसलेला असतो, गरजू नसतो. आणि फुकट मिळालेला कोड बाहेर वीस रुपयांना विकणं, हेही झालं आहे. नाव घेत नाही. ज्याने केलं त्याला कळलं.

काही कोडवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, की हा दुसऱ्याला देता येणार नाही किंवा एका घराला एकच. तो देऊ नका. देणारा दानशूर ठरतो आणि काउंटरवर खजील होतो घेणारा. आणि ज्येष्ठांनी कान देऊन ऐका, कूपनाचा कोड वेगळा आणि मोबाईलवर येणारा ओटीपी वेगळा. ‘तुमचं बक्षीस लागलं, आलेला नंबर सांगा’ असा फोन आला तर तो नंबर मुलालासुद्धा सांगू नका. पैसे गेलेच तर लगेच १९३०. उशीर केला की रक्कम पुढच्या खात्यात सरकते.

आता ज्याच्यासाठी मी खरं तर उभा राहिलो ते. पूर्वी आपल्याला नको असलेली कूपनं धुणी-भांडी करणाऱ्या मावशी मागून न्यायच्या. तीन-चार घरची कूपनं जमवून फॉर्म भरायच्या. त्यांच्या घरी पेपर येत नव्हता, तरी त्यांच्या मांडणीवर योजनेचा डबा होता. कोड आल्यापासून ही वाट बंद झाली. मावशींचा फोन साधा, ग्रुपमध्ये त्या नाहीत, वॉचमनदादा नाहीत, पहाटे पाचला सायकलवर पेपर आणणारा पोरगाही नाही. ज्याच्या हाताने कूपन घरात येतं, त्यालाच ते मिळायची सोय नाही. आपण रोज पन्नास मेसेज वाचतो, हे कुणाला दिसत नाही.

उपविधींमध्ये कूपनाचं कलम नाही, त्यामुळे ठराव वगैरे नको. पण कागदी कूपनं अजून येतात, ती रद्दीत जातात. वॉचमनच्या केबिनमध्ये एक खोका ठेवू या. पेपर वाचून झाला की कापून त्यात टाका. फॉर्म भरून द्यायचं काम माझं, मी रिकामाच आहे. किराण्याचा कोड आला आणि नको असेल तर मला पाठवा, मी मावशींबरोबर दुकानात जाऊन वापरून देईन. पेपरवाल्या पोराला मी विचारलं, तुला काय हवं? तो म्हणाला, वह्यांचं असेल तर ठेवा काका.

खोक्याजवळ कात्री ठेवायची आहे. ती दोरीने बांधावी अशी कमिटीला विनंती, मागची नोटीस बोर्डाची कात्री अजून सापडलेली नाही.