पडत्या काळाचे शब्द



पाठशाळेत मुले का येत नाहीत, असे सभेत विचारले की उत्तर येते, "पंचमकाळ आहे." तिथेच विषय संपतो. वास्तविक शास्त्रात हा हताश उद्गार नसून काळाचे माप आहे. अवसर्पिणीच्या सहा आऱ्यांपैकी पाचवा, दुषमा, २१,००० वर्षांचा. भगवान महावीरांच्या निर्वाणानंतर ३ वर्षे साडेआठ महिन्यांनी तो लागला. त्यातील सुमारे २,५५० वर्षे सरली. साडेअठरा हजारांच्या आसपास शिल्लक आहेत. या आऱ्याच्या अखेरपर्यंत साधू, साध्वी, श्रावक, श्राविका असा चतुर्विध संघ राहील, हेही शास्त्रच सांगते. मग पाठशाळा आताच ओस का पडावी?

मराठीतील 'उतरती कळा' चंद्राची. कृष्णपक्षामागून शुक्लपक्ष तिच्यात गृहीतच आहे, जशी अवसर्पिणीनंतर उत्सर्पिणी. आम्हा कापड व्यापाऱ्यांची 'मंदी' मात्र बारमाही. दिवाळी आणि लग्नसराई सोडल्यास (कधी तीही न सोडता) गोंदियाच्या बाजारात तिचा मुक्काम असतोच! त्यापेक्षा वाणिज्य शाखेत शिकलेला 'घसारा' मला प्रामाणिक वाटतो. झीज किती झाली, हे तिथे दरवर्षी आकड्यात लिहावे लागते.

पाठशाळेचाही असा घसारा मांडावा. दहा वर्षांपूर्वी पटावर मुले किती, आज किती, वर्गाची वेळ शिकवणीच्या वेळेवर येते काय, अर्थ समजावून सांगणारे शिक्षक किती. हा तक्ता विश्वस्त मंडळाने येत्या पर्युषणापूर्वी सभेपुढे ठेवावा, अशी नम्र विनंती आहे.