नळ गेल्यानंतर



अंजनगाव सुर्जीत नळ आला की घरोघर मोटरी घरघरू लागतात. शहानूर धरणाचं पाणी आधी हौदात घ्यायचं, मग स्लॅबवरच्या टाकीत चढवायचं. या धावपळीत सगळ्यांचं लक्ष येणाऱ्या पाण्याकडे असतं. मी आज बोलणार आहे ते उलट जाणाऱ्या पाण्याबद्दल.

नळ गेला की गल्लीतली पाइपलाइन रिकामी होऊ लागते. उताराकडचं पाणी ओसरतं आणि चढावरच्या पाइपात ओढ तयार होते. तेव्हा नळाचं तोंड हौदात बुडालेलं असेल, तर हौदातलं पाणी मागे लाइनीत खेचलं जातं. काहींनी नळाची आणि बोअरची लाइन एकच केलेली असते. आपल्याकडे पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा. म्हणजे एका घरच्या बोअरचं खारं पाणी शेजारच्या माठात जायचं! १९३३ साली शिकागोत हॉटेलांच्या अशाच सदोष नळजोडण्यांमधून सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळलं आणि आमांशानं ९८ माणसं दगावली.

हे अडवतो तो एनआरव्ही, म्हणजे नॉन रिटर्न व्हॉल्व. आत एक झडप असते. पाणी पुढे जाताना ती उघडते, मागे फिरलं की मिटते. मोटरपासून टाकीकडे जाणाऱ्या लाइनीतही तो असतो. टाकी सात मीटर उंचीवर असेल, तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे पाऊण किलोचा दाब झडपेवर येतो. व्हॉल्वमध्ये क्षार साचले, वाळूचा कण अडकला किंवा रबर कडक झालं, की झडप नीट बसत नाही.

मग मोटर बंद केल्यावरही पाइपात सळसळ चालू राहते. मोटर हवा धरते, पाणी उचलत नाही. घरचे नव्या मोटरची किंमत विचारू लागतात. प्लंबर पान्यानं जोड उघडतो आणि सांगतो, “मोटरले काई नाई झालं भाऊ, एनआरव्ही गेला.”

व्हॉल्व बदलताना आधी मोटरचा मेन स्विच बंद करा. दोन्हीकडचे कॉक बंद करून पाइपातलं पाणी काढून टाका, मग युनियन सोडा. नव्या व्हॉल्ववर बाण असतो. पाणी जायचं त्याच दिशेला तो हवा. उलटा बसला, तर पाणी चढणारच नाही. टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेनं गुंडाळा. प्लास्टिकच्या जोडाला पितळी व्हॉल्व आवळताना जोर आवरा, चीर पडते. शेवटी मोटर चालवून बंद करा आणि पाइपाला कान लावा. सळसळ नको.

एवढ्यावर थांबू नका. हौदात नळाचं तोंड पाण्याच्या सर्वांत वरच्या पातळीपासून पाइपाच्या व्यासाच्या दुप्पट, निदान एक इंच तरी वर ठेवा. व्हॉल्व आज ना उद्या पुन्हा झिजेल. ही मोकळी जागा झिजत नाही, आणि तिला पैसेही पडत नाहीत.