साखरेचा अंगरखा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



वीसेक वर्षे मी जळगावात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो आहे. 2025 च्या फेब्रुवारीत धुळ्याकडच्या एक बाई मला भेटायला आल्या. त्यांचा मुलगा पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात राहून शिकत होता. आधी त्याला जुलाब झाले, ते थांबले, आणि आठवडाभराने पायांतली ताकदच गेली. गुलियन बारे सिंड्रोम. "सर, मना आंडोरले काय व्हयनं?" एवढंच त्यांनी विचारलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, की त्याच्याच शरीराने त्याच्या नसांवर हल्ला केला. पण हे कोणत्या आईच्या गळी उतरेल?

त्या वर्षी जानेवारीपासून पुणे परिसरात या आजाराचे दोनशेहून अधिक संशयित रुग्ण आढळले, काही दगावलेही. अनेकांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला. मळसूत्रासारखा पिळदार, शेपटी फिरवत पोहणारा. कोंबडीच्या आतड्यात तो बहुधा तिला त्रास न देता राहतो. अर्धकच्चं मांस, न तापवलेलं दूध किंवा दूषित पाणी यांतून तो आपल्या पोटात उतरतो.

आमच्या विषयात मात्र हा जंतू वेगळ्याच कारणाने प्रसिद्ध आहे. प्रथिनांवर साखरेच्या साखळ्या चढवणं हे प्राण्यांचं, वनस्पतींचं, यीस्टचं काम. साध्या जंतूंना ते जमत नाही, असं आम्हाला शिकवलं होतं. जुन्या वहीवरून पहिली एक-दोन वर्षे मीही तेच शिकवलं, हे कबूल करतो. खरं तर 1999 मध्येच क्रिस्टीन शिमान्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं होतं, की हा जंतू आपल्या अनेक प्रथिनांवर साखर चढवतो. सात साखरेच्या रेणूंची एक ठरलेली साखळी तो आधी तयार करतो आणि मग ती आख्खीच्या आख्खी प्रथिनाला जोडतो. साखर म्हणजे चहातली नव्हे, बरं का. तिचे नात्यातले अनेक रेणू असतात.

एवढा खटाटोप कशासाठी? आपल्या आतड्यात प्रथिनं तोडणारे पाचकरस असतात. साखरेचा अंगरखा घातलेलं प्रथिन त्यांच्या तडाख्यातून वाचतं. या जंतूच्या शेपटीच्या प्रथिनावरही वेगळ्या जातीची साखर असते. ती काढून घेतली, की शेपटी नीट उभीच राहत नाही, जंतूला पोहता येत नाही.

त्या मुलाच्या नसांचा संबंध मात्र तिसऱ्याच साखरेशी आहे. जंतूच्या बाहेरच्या आवरणात चरबीच्या रेणूंना जोडलेल्या साखळ्या असतात. काही वाणांमध्ये त्यांचं टोक आपल्या नसांवरच्या साखरेसारखं हुबेहूब असतं. शरीर जंतूविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. जंतू मरतो, पण ती प्रतिपिंडं नसांनाच शत्रू समजून बसतात. चोराने घरधन्याचे कपडे घालावेत आणि राखणदाराने चोराबरोबर धन्यालाही बदडावं, तसं. सुदैवाने जुलाब झालेल्या साधारण हजारांत एखाद्याच्याच वाट्याला हे येतं.

याच अंगरख्याचा उपयोगही होऊ घातला आहे. 2018 मध्ये नवी मुंबई महापालिकेने मुलांना दिलेली टायफॉइडची लस म्हणजे जंतूची साखर प्रथिनाला जोडून केलेली लस. ही जोडणी कारखान्यात रसायनांनी होते. पण 2002 मध्ये कॅम्पिलोबॅक्टरची जोडणी करणारी सगळी यंत्रणा ई-कोलाय या जंतूत बसवून दाखवण्यात आली. तेव्हापासून जंतूकडूनच लस जोडून घेण्याचे प्रयोग चालले आहेत.

बाईंना मी हे सगळं सांगितलं नाही. चोराची गोष्ट तेवढी सांगितली. ऐकून घेऊन त्यांनी विचारलं, "मग त्याचं गोड बंद करू का?" मी म्हटलं, "अजिबात नको. पाणी मात्र उकळून द्या." आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, टाकीत, पिंपात साठवावं लागतं, म्हणून हे मुद्दाम बोललो.

प्रतिपिंडांची महागडी इंजेक्शनं त्याला पुण्यातच मिळाली होती. एप्रिलमध्ये तो काठी घेऊन ओट्यापर्यंत चालू लागला. आखाजीला आईने पुरणपोळी केली, तेव्हा ताटावर पाटावर बसला होता, असा त्यांचा फोन आला. उठताना मात्र दोघांनी हात द्यावा लागला.