मॉरिशसचा धडा



१९६८ साली स्वतंत्र झाले तेव्हा मॉरिशसची सारी भिस्त उसावर होती. मराठी भाषिकांचीही पिढ्यान्‌पिढ्या वस्ती असलेल्या या बेटावर माणसे वाढत होती. कामे मात्र वाढत नव्हती. १९७० साली तेथील शासनाने निर्यात-उद्योगांसाठी कायदा करून करात व आयातशुल्कात सवलती दिल्या. तयार कपड्यांचे कारखाने उभे राहिले आणि हजारो स्त्रिया वेतन मिळवू लागल्या.

१ जानेवारी २००५ रोजी कापडव्यापारातील आंतरराष्ट्रीय कोटापद्धती संपुष्टात आली. त्या सुमारास अनेक कारखाने बंद पडले आणि त्याच स्त्रियांवर बेकारी ओढवली.

सवलतींमुळे उद्योग येतो. परंतु तो गेल्यावरही कामगाराच्या हाती उरते ते त्याचे कौशल्यच. म्हणून रोजगाराच्या धोरणात शिक्षणाला पहिले स्थान असावे.